आठपासून सुरू होणारी टेप

इमारतीत सगळे त्यांना इन्स्पेक्टरसाहेब म्हणत, पण साहेबांनी उभ्या जन्मात एकाही चोराला हात लावला नव्हता. ते वजनमापे खात्यात होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू, लिटरची मापं आणि कापडवाल्यांचे मीटर तपासले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी बाजारात गेले की त्यांची नजर भाजीवर न जाता काट्यावर जायची. त्यामुळे त्यांच्या घरात येणारी भाजी वजनाला चोख आणि बहुधा किडकी असे.

अशा माणसापुढे एका रविवारी संध्याकाळी नातीने एक फॉर्म आणून ठेवला. शाळेचा होता. रसायनशास्त्र सोडून दुसरा विषय घेण्याची विनंती वर छापलेली, आणि खाली पालकाच्या सहीसाठी एक रेघ मोकळी.

"पुढच्या सोमवारी द्यायचाय, आजोबा. सही करा."

"कारण?"

"एकशे अठरा."

"काय एकशे अठरा?"

"मूलद्रव्यं. आवर्तसारणीत एकशे अठरा चौकोन आहेत आणि बाई म्हणतात, निदान निम्मे डोळ्यांपुढे उभे राहिले पाहिजेत. माझ्या डोळ्यांपुढे फक्त झोप उभी राहते. सोन्याची खूण एयू, शिशाची पीबी. नावाचा आणि अक्षरांचा काही संबंध तरी आहे का?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. न तपासता सही करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण या वेळी आत कुठेतरी दुखलंही होतं. ज्या शास्त्रात ग्रॅमच्या हजाराव्या भागाला मान आहे ते शास्त्र आपल्याच घरातलं पोर सोडून निघालं, म्हणजे आपली चौतीस वर्षंही तिने दाराबाहेर ठेवल्यासारखंच झालं. हे अर्थात ते बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "एक आठवडा दे. पुढच्या सोमवारी सकाळीही तुला सोडावंसंच वाटलं, तर मी सही करतो. शब्द."

"आठवड्यात काय होणार?"

"बघशील."

काय होणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जेवताना सुचलं. पोरगी दिवसातून दहा वेळा जिना चढते-उतरते. त्यांच्या दारापासून शेजारच्या दारापर्यंत एक लांब, कोरी भिंत आहे. त्या भिंतीवर अख्खी आवर्तसारणी रंगवून घ्यायची. जाता-येता नजर पडेल, आणि नजरेत राहिलेलं डोक्यात उतरेल.

"जिन्यातली भिंत सगळ्यांची आहे," बायको म्हणाली.

"म्हणूनच. सगळ्यांचा फायदा होईल."

"सेक्रेटरींना विचारा आधी."

साहेबांची बायको हळू बोलायची, आणि थोडं. तिचे रोजचे काही नेम होते. त्यातला सगळ्यांत कडक म्हणजे दुपारचे बारा वाजेपर्यंत कुणाचीही चूक काढायची नाही. आडून नाही, डोळ्यांनी नाही, उसासा टाकूनसुद्धा नाही. बारानंतर हरकत नसे, पण तोवर बहुतेक चुका एकतर सुधारलेल्या असत किंवा त्यांना काही इलाज उरलेला नसे. साहेब या नेमाची हसून थट्टा करत. "आमच्या खात्यात असा नेम असता, तर सगळ्या गावाने सकाळीच दुकानं उरकली असती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ती तेही बारापर्यंत ऐकून घेई.

सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांनी अर्ज मागितला, तीन प्रतींत. मग रंगाचा नमुना मागितला. मग समितीतल्या तिघांची तोंडी संमती आणायला सांगितली. त्या तिघांपैकी एकजण परगावी होता, एकाला ऐकू कमी येत होतं, आणि तिसऱ्याने विचारलं की भिंत रंगवायचीच आहे तर एखादं निसर्गदृश्य का नको. शुक्रवारपर्यंत साहेबांच्या हातात एक तोंडी होकार आला, आणि त्याच्या शेपटाला एक अट: कोणकोणती नावं लिहिणार त्याची यादी उद्या अकराला समक्ष दाखवायची.

दुकानांच्या पाट्या लिहिणारा पेंटर फक्त शनिवार-रविवारी मोकळा होता. म्हणून शनिवारी सकाळी आठ वाजता साहेब भिंत मोजायला निघाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. साहेबांकडे पोलादी टेप होती, मिलिमीटरचा दहावा भागही इकडचा तिकडे न करणारी. खात्याचा शिक्का असलेली ती टेप ते मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवत. पण त्या शिक्क्याची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती, आणि मुदत संपलेलं माप वापरणाऱ्या किती जणांना त्यांनी या हातांनी नोटिसा दिल्या होत्या. आता तीच टेप घेऊन भर जिन्यात उभं राहायचं? त्यांच्या मनाला ते पटेना. बायकोची शिवणाची कापडी टेप मात्र घरगुती वापराची होती. घरगुती माप तपासणीच्या कक्षेत येत नाही. तेव्हा मनाला कसलीही टोचणी न लावता त्यांनी शिवणाच्या डब्यातून ती उचलली.

बायकोने पाहिलं. तिचे ओठ किंचित हलले.

"टेप घेतलीत वाटतं."

"हो. का?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून चार मिनिटं. "काही नाही," ती म्हणाली. "सावकाश मोजा."

"मला सांगतेस?" साहेब प्रेमाने म्हणाले.

टेप दीडशे सेंटिमीटरची होती. एकदा पूर्ण लावून पेन्सिलची खूण केली, तिथून पुन्हा लावली, ती एकशे सव्वीसवर टेकली. एकूण दोनशे शहात्तर. स्तंभ अठरा. पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे चौकोन केले की दोनशे सत्तर, वर सहा शिल्लक. साहेबांनी नातीच्या पट्टीने मोजून पुठ्ठ्याचा पंधराचा चौकोन कापला, पेंटरच्या हातात दिला आणि म्हणाले, "याच मापाने डावीकडून सुरुवात कर. अठरा बसतील, वर तीन-चार बोटं उरतील."

"तुम्ही मोजलंय म्हटल्यावर प्रश्नच नाही, साहेब," पेंटर म्हणाला. त्याने नातीच्या पुस्तकातलं चित्र डोळे बारीक करून पाहिलं. "या दोन ओळी खाली सुट्या का?"

"वर मावल्या नाहीत म्हणून," नात जांभई देत म्हणाली. "नाहीतर टेबल फार लांब होतं."

"म्हणजे वर जागा नाही म्हणून खाली वेगळी खोली दिली. आमच्या मेव्हण्याचं तसंच आहे."

अकराला आजोबा आणि नात यादी घेऊन सेक्रेटरींकडे गेले. नातीला न्यायचं कारण म्हणजे साहेबांना निम्मी नावं नीट म्हणता येत नव्हती.

सेक्रेटरींनी यादी वाचायला घेतली आणि पहिल्याच नावावर बोट ठेवलं. "हायड्रोजन. हा पेटतो ना?"

"पेटतो," साहेब म्हणाले. "पण इथे नुसतं नाव."

"चौदावा नियम बघा. जिन्यात ज्वालाग्राही, स्फोटक वा विषारी पदार्थ ठेवू नयेत. नाव ठेवू नये की पदार्थ ठेवू नये हे नियमात स्पष्ट नाही. पुढे क्लोरीन. आर्सेनिक. युरेनियम." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "युरेनियम, साहेब? तुमच्यासारख्या जबाबदार माणसाने?"

शेवटी तोडगा निघाला. साहेबांनी लिहून द्यायचं: यादीतला कोणताही पदार्थ प्रत्यक्षात जिन्यात ठेवलेला नाही व ठेवणार नाही. साहेबांनी पेन उघडलं.

"आजोबा, थांबा," नात म्हणाली. "हे खोटं आहे."

"कसं?"

"ऑक्सिजन आहे की जिन्यात. नायट्रोजन त्याच्या चौपट आहे. कठड्यात लोखंड आहे. वायरीत तांबं. चुन्यात कॅल्शियम."

सेक्रेटरी ताठ बसले. "कुणाच्या परवानगीने?"

"आणि कार्बन आहे," नात म्हणाली.

"कुठे आहे? दाखव."

"तुमच्यात आहे, काका. तुम्ही जिन्यातून आलात की तोही येतो."

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. खोट्या कागदावर सही करणं त्यांना जमणार नव्हतं, आणि सेक्रेटरींना कागदाशिवाय जमणार नव्हतं. मग मजकूर बदलला: यादीत खूण केलेले पदार्थ इमारत बांधल्यापासूनच जिन्यात आहेत, त्यास अर्जदार जबाबदार नाही. खुणा करायचं काम अर्थातच नातीकडे आलं. ती आधी कंटाळून करत होती. मग तिने विचारलं की जिन्यातला दिवा जुना, तारेचा आहे ना. आहे म्हटल्यावर टंगस्टनला खूण झाली. खिडकीच्या चौकटीला ॲल्युमिनियम. सेक्रेटरींच्या पत्नीने आतून सांगितलं की नळाला चकाकी असते ती कसली, तेही बघ. क्रोमियम. सेक्रेटरींनी स्वतःच्या दातात भरलेलं चांदीसारखं काहीतरी बोटाने चाचपलं आणि हळूच विचारलं, "मी जिन्यातून जातो तेव्हा हेही धरायचं का?" त्यात चांदी होती आणि पारा होता. दोन खुणा. एक वाजला तेव्हा एकतीस खुणा झाल्या होत्या आणि नात वही मागत होती, घरी जाऊन आणखी शोधायला.

इकडे बरोबर बारा वाजून एक मिनिटाने साहेबांची बायको बाहेर आली. चौकोनांच्या काळ्या रेघा भिंतीवर पुढे पुढे सरकत होत्या.

"दादा, जरा थांबता का? ती टेप आठपासून सुरू होते."

"बाई," पेंटर ब्रश न थांबवता नम्रपणे म्हणाला, "माप साहेबांनी घेतलंय. साहेबांच्या मापावर मी शंका घ्यायची म्हणजे..." त्याने वाक्य पूर्ण केलं नाही, इतकं त्याला ते पाप वाटलं.

तिने दोनदा सांगून पाहिलं. मग ती आत गेली आणि चहा ठेवला. पुढे चहाची गरज लागणार होती.

आजोबा आणि नात वर आले तेव्हा सतरा स्तंभ झाले होते आणि पेंटर शेजारच्या दाराच्या चौकटीला नाक लावून उभा होता. भिंत संपली होती. चौकटीपर्यंत पाच सेंटिमीटर उरले होते. अठरावा स्तंभ, हीलियमपासून खालपर्यंत सात चौकोनांचा, त्याला जागाच नव्हती.

साहेबांनी आधी पुठ्ठा तपासला. तो चोख होता. मग पेंटरच्या रेघा तपासल्या. त्याही चोख. मग त्यांनी शेजारच्या चौकटीकडे संशयाने पाहिलं. "ही चौकट अलीकडे सरकलेली दिसते."

"लाकूड फुगतं, साहेब," पेंटर त्यांची अब्रू राखत म्हणाला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या मावशी उतरत होत्या. त्यांनी थांबून सगळं निरखलं. "सोनं इतकं खाली का टाकलंय? वर घ्या की, येता-जाता दिसेल."

"त्याची जागा ठरलेली आहे, मावशी," नात म्हणाली. "सोन्याच्या अणूत एकोणऐंशी प्रोटॉन, म्हणून तो एकोणऐंशीवा. एक जास्त झाला की शेजारचा पारा."

"नुसत्या एकाने?"

"नुसत्या एकाने."

मावशी विचारात पडल्या. "माझ्या जावेच्या बांगड्यांचं असंच काहीतरी झालेलं असणार," असं म्हणत त्या खाली गेल्या.

साहेब आत गेले आणि फडक्यातली पोलादी टेप घेऊन आले. "मोजायला नाही," त्यांनी सगळ्यांना उद्देशून खुलासा केला, "नुसती साक्षीला." साक्ष आली ती दोनशे साठ. साहेबांनी ती तीन वेळा घेतली. तिन्ही वेळा साक्षीदार फिरला नाही.

मग बायकोने शिवणाची टेप आणून त्यांच्या हातात दिली आणि तिचं सुरुवातीचं टोक वर केलं. तिथे शून्य नव्हतं. एक नव्हता. आठ होता.

"टोकाची पत्र्याची पट्टी निघाली होती, कापड उसवत होतं. मी तेवढं कापून टाकलं. चार वर्षं झाली. मी नेहमी आठ वजा करते. घरात सगळ्यांना माहीत आहे."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही कधी माझी टेप वापरली नव्हती."

"सकाळी सांगितलं का नाहीस?"

तिने आतल्या घड्याळाकडे पाहिलं आणि चहा पुढे केला. साहेबांना आठवलं. त्यांनी चहा घेतला.

एवढ्यात नात आतल्या टेबलावरचा हाती लागेल तो कागद आणून त्यावर गणित मांडू लागली होती. टेप दोनदा लावली. दोन्ही वेळा आठ जास्त धरले गेले. आठ दुणे सोळा. दोनशे शहात्तरातून सोळा गेले, दोनशे साठ. चौकोन पंधराचा.

"आजोबा," ती म्हणाली, आणि आठवड्यात पहिल्यांदाच तिच्या आवाजात झोप नव्हती, "तुमच्या टेपने एक अख्खा स्तंभ गिळला. ही शून्यातली चूक. आमच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात आहे. मी चार वेळा वाचली आणि मला कळलीच नव्हती. आता बघा, किती सोपी आहे. कितीही नीट मोजा, ती दर वेळी तेवढीच चुकते."

आपली चूक कुणाला इतकी आवडावी, हे साहेबांच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. त्यांना राग धरायला जागा सापडेना.

पण सात चौकोनांचं काय? भिंत पुसायची तर तैलरंग. एकच जागा उरली होती. शेजारचं दार. आणि त्या दारामागे घड्याळजी राहत होते.

सहा वर्षांपूर्वी घड्याळजींनी स्वतःच्या हातांनी जोडलेलं एक घड्याळ इमारतीच्या प्रवेशद्वारापाशी भिंतीवर लावलं होतं, सगळ्यांसाठी. पहिल्याच दिवशी, चारचौघांत, साहेबांनी मनगटावर पाहून जाहीर केलं की ते दोन मिनिटं मागे आहे. त्या संध्याकाळी घड्याळ उतरलं. खिळा अजून तिथेच होता. त्या दिवसापासून घड्याळजी इमारतीत कुणाशी बोलत नसत आणि त्यांचं दार फक्त त्यांच्या जाण्या-येण्यापुरतं उघडत असे.

"मी विचारते," नात म्हणाली.

"नको," साहेब म्हणाले. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "चल, मीही येतो. टेप घे."

दार अर्धं उघडलं. घड्याळजींच्या एका डोळ्याला भिंग लावलेलं होतं. त्यांनी ते काढलं नाही.

साहेब चौतीस वर्षं ज्या आवाजात दुकानदारांशी बोलत, तो आवाज त्यांनी शोधला. तो जागेवर नव्हता. "माझं माप चुकलं," ते म्हणाले. "भिंतीत सतराच बसले. अठरावा स्तंभ तुमच्या दारावर काढू द्याल का, हे विचारायला आलोय."

घड्याळजींनी हात पुढे केला. "टेप."

भिंगातून त्यांनी टोक पाहिलं, उलटसुलट केलं. "आठ," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "त्या वेळचं तुमचं मनगटी घड्याळ. अजून आहे?"

साहेबांनी मनगट पुढे केलं. घड्याळजींनी खिशातलं स्वतःचं घड्याळ काढून त्याच्याशेजारी धरलं. आणि तेव्हा साहेबांना आठवलं. कचेरीत उशीर होऊ नये म्हणून ते आपलं घड्याळ नेहमी दोन मिनिटं पुढे लावत. निवृत्त झाल्यावरही ते मागे करायचं राहिलं होतं.

"पुढेच असतं हे," ते हळूच म्हणाले. "तेव्हाही होतं."

घड्याळजींनी आपलं घड्याळ खिशात ठेवलं. ते नातीकडे वळले. "माझ्या दारावर कोण येणार?"

"निष्क्रिय वायू. सात आहेत. हे सहसा कुणाशी संयोग करत नाहीत. बाकीच्यांना कुणाचा तरी इलेक्ट्रॉन हवा असतो, नाहीतर आपला द्यायचा असतो. यांचं बाहेरचं कवच भरलेलं असतं, म्हणून यांना कुणाची गरज पडत नाही."

"आणि तुमच्या दाराशी कोण?"

नातीने तिकडच्या टोकाकडे पाहिलं. "लिथियम, सोडियम, पोटॅशियम. ते कुणाशीही लगेच लागतात. पाण्याशीसुद्धा."

घड्याळजींच्या चेहऱ्यावरून भिंग घरंगळलं. ते हसत होते. सहा वर्षांत इमारतीतल्या कुणी ते पाहिलं नव्हतं.

रविवारी पेंटरने अर्ध्या दिवसात दार रंगवलं. हीलियम वर, त्याखाली निऑन, मग ओळीने सगळे. मावशींनी विचारलं की दारालाही रंग लागला तर इतरांच्या दारांचं काय. सेक्रेटरींनी नियमावली उलटसुलट केली आणि दारावर लिहिण्याबाबत त्यांना काहीही सापडलं नाही, म्हणून ते हताश होऊन परत गेले.

सारणी पूर्ण झाली, पण तिच्यात एक अडचण निघाली. घड्याळजींचं दार आतल्या बाजूला उघडायचं. दार उघडलं की सातही वायू घरात जायचे आणि सारणी सतरावरच संपायची. साहेबांनी आधी मनाशी म्हटलं की काही हरकत नाही, यांचं दार कधी उघडं असतं? पण रविवारी संध्याकाळी मावशी आपलं बंद पडलेलं घड्याळ घेऊन आल्या. मग सेक्रेटरींची पत्नी आली. घड्याळजींनी दारातच स्टूल टाकलं. सोमवारी सकाळी साहेब दूध घ्यायला बाहेर आले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि अठरावा स्तंभ दिसत नव्हता.

सकाळी सातला नात दप्तर भरत होती. साहेब टेबलाशी बसले. दिलेला शब्द दिलेला होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "फॉर्म आण. सोडायचंच असेल, तर मी सही करतो."

नातीने फॉर्म आणून दिला. त्याच्या पाठीवर आठ दुणे सोळा होतं, दोनशे साठ होतं, आणि कोपऱ्यात पेंटरच्या काळ्या रंगाचा एक थेंब.

"खराब झालाय," ती म्हणाली.

"शाळेत नवा मिळेल," साहेब म्हणाले. खोटं बोलणं त्यांना याही वेळी जमलं नाही. "मागून घेतेस?"

"मिळेल खरा," नात म्हणाली. तिने बूट घातले, दप्तर पाठीला लावलं आणि फॉर्म टेबलावर तसाच ठेवून निघाली. उघड्या दाराजवळ ती थांबली. जिथे अठरावा स्तंभ असायला हवा होता तिथे घड्याळजी एका घड्याळात वाकून पाहत होते. मग ती जिना उतरू लागली, एका पायरीला एक नाव घेत.

"हीलियम. निऑन. आरगॉन. झेनॉन. रेडॉन..."

साहेब दारात उभे होते, उघडं पेन हातात. त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच कपाळाला आठी पडली. ते कठड्याकडे धावणार तोच बायकोने त्यांची बाही धरली.

"क्रिप्टॉन राहिला," ते कुजबुजले.

"मला कळलं," ती म्हणाली. "बारा वाजू द्या."